सामायिक बाजारपेठ आणि विद्युत्-उपकरणांची सुरक्षितता

१९५७ च्या रोम करारान्वये स्थापन झालेल्या युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या सदस्य-राष्ट्रांमधील जकाती १९६८ पर्यंत रद्द केल्या. तथापि विद्युत्-सुरक्षेची मानके व परीक्षणपद्धती प्रत्येक राष्ट्रात निराळ्या असल्यामुळे एका देशात निर्धोक ठरलेली इस्त्री दुसऱ्या देशात विनाअडथळा विकता येईलच, अशी शाश्वती नव्हती. हा अडसर दूर करण्यासाठी १९ फेब्रुवारी १९७३ रोजी 'अल्पदाब निदेश' संमत झाला. त्याचे सुधारित रूप २० एप्रिल २०१६ पासून लागू आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या बाबतीत ५० ते १००० व्होल्ट व एकदिश प्रवाहाच्या बाबतीत ७५ ते १५०० व्होल्ट दाबावर चालणारी उपकरणे त्याच्या कक्षेत येतात.

प्रत्येक उपकरणाची रचना कायद्यातच तपशीलवार नमूद करणे हा एक मार्ग होता. परंतु तंत्र बदलताच असा कायदा कालबाह्य होतो. म्हणून निदेशाने केवळ साध्य सांगितले. विजेचा धक्का, अतिरिक्त उष्णता, सदोष निरोधन इत्यादींपासून माणसे, पाळीव जनावरे व मालमत्ता यांना धोका पोहोचू नये, हे ते साध्य होय. ते कसे गाठावे, हे सुसंवादी मानकांवर सोपविले आहे. ही मानके ऐच्छिक आहेत. त्यांचे पालन केल्यास उपकरण निदेशानुसार आहे असे गृहीत धरले जाते. अन्य मार्ग स्वीकारणाऱ्या उत्पादकाला मात्र सुरक्षितता स्वतः सिद्ध करावी लागते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. उपकरणावरील 'सीई' हे चिन्ह कोण्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रशस्तिपत्र नव्हे. ह्या निदेशाखाली त्रयस्थ परीक्षण अनिवार्य नाही. उत्पादक स्वतःच अनुरूपतेची घोषणा करतो आणि तांत्रिक कागदपत्रे दहा वर्षे जतन करतो. चिन्ह हे त्या उत्तरदायित्वाचे द्योतक होय.

साहजिकच या व्यवस्थेचा सारा भार विक्रीनंतरच्या देखरेखीवर पडतो, आणि ती देखरेख राष्ट्रागणिक वेगळ्या यंत्रणा करतात. एका राष्ट्रातील यंत्रणा शिथिल राहिली, तर तेथून आत आलेले सदोष उपकरण सर्व बाजारपेठेत फिरू शकते. आयातदार व वितरक यांच्यावरही स्पष्ट कर्तव्ये लादण्यामागील मर्म हेच आहे.

एकीकरणाची मर्यादाही लक्षणीय आहे. घरगुती प्लग व सॉकेट निदेशातून वगळलेले आहेत. आयर्लंडमधील तीन आयताकृती पिनांचा प्लग जर्मनीतील सॉकेटमध्ये आजही बसत नाही. कारण भिंतींत बसविलेली कोट्यवधी सॉकेटे बदलणे कोणत्याही कायद्याला सोपे नाही. सारांश, सामायिक बाजारपेठेने वस्तूंचे रूप एकसारखे केले नसून, त्यांच्या सुरक्षिततेविषयी कोणी जबाब द्यावयाचा, हे निश्चित केले आहे.