‘परवा’चा लॅटिन भाऊबंद

आपला ‘परवा’ दोन्हीकडे तोंड करून उभा असतो. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ यांतली दिशा क्रियापद ठरवते. लॅटिनने मात्र दोन शब्द वेगळे ठेवले. गेलेल्या परवासाठी ‘नूदिउस तेर्तिउस’, म्हणजे ‘आता तिसरा दिवस’; आणि येणाऱ्या परवासाठी ‘पेरेंदिए’.

हे दुसरे क्रियाविशेषण विरळाच भेटते. प्लॉटसच्या नाटकांत, सिसेरोच्या पत्रांत. त्यातला ‘दिए’ म्हणजे दिवस. तो आणि संस्कृत ‘द्यु’ एकाच मुळाचे. आरंभीच्या ‘पेर’चे नाते ‘पर’शी, म्हणजे पलीकडच्याशी, जोडले जाते. पाणिनीने नोंदवलेला ‘परेद्यवि’ अशाच घडणीचा आहे; फक्त त्याचा अर्थ ‘दुसऱ्या दिवशी’.

या शब्दाने मला बराच काळ चकवले. इ.स.पू. 63 मध्ये मुरेनाच्या बचावाचे भाषण करताना सिसेरो कायदेपंडितांची थट्टा करतो: एवढी हुशार माणसे, पण ‘तिसरा दिवस’ म्हणावे की ‘पेरेंदिनुस’, म्हणजे परवाचा दिवस, हे त्यांना इतक्या वर्षांत ठरवता आलेले नाही! मी बोटांवर मोजत होतो: उद्या एक, परवा दोन, तेरवा तीन. म्हणजे तारखा दोन आणि वाद खरा. मग यात हसण्यासारखे काय?

चूक माझ्या मोजण्यात होती. रोमन माणूस मोजणी आजपासूनच सुरू करी. आज एक, उद्या दोन, परवा तीन. दोन्ही नावे एकाच दिवसाची, भांडण केवळ शब्दाचे. थट्टा नेमकी तीच होती.

कचेरीत मात्र हा शब्द थट्टेचा नव्हता. सरकारी अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीचे खटले दोनदा ऐकले जात आणि दोन सुनावण्यांमध्ये एक दिवस मोकळा असे. या तहकुबीला नाव होते ‘कोम्पेरेंदिनातिओ’, म्हणजे जणू ‘परव्यावर टाकणे’. सिसिलीचा सुभेदार वेरेस याच्यावर इ.स.पू. 70 मध्ये असाच खटला चालला. पहिल्या सुनावणीतच पुरावा असा भारी पडला की तो दुसरीला थांबलाच नाही, रोम सोडून गेला. दुसऱ्या सुनावणीची भाषणे सिसेरोने केवळ लिहून प्रसिद्ध केली.

शब्दकोशाने मला ‘पेरेंदिए’चा अर्थ पहिल्याच दिवशी सांगितला होता, मोजण्याची रीत सांगितली नव्हती. आता लॅटिन मजकुरात ‘तिसरा दिवस’ दिसला की मी पहिले बोट आजवर ठेवतो.