उलट्या केसांची पट्टी

सास्तूर गावाला बर्फ ठाऊक आहे तो रसवंतीतल्या लादीचा, नाहीतर गारपिटीचा. मे महिन्यात, डोक्यावरचा पत्रा तापून कडकड वाजत असताना, तिथल्या एका घरात खुंटीवर बैलाच्या कासऱ्याशेजारी टांगलेली वीतभरही रुंद नसलेली, पुरुषभर लांब पट्टी दिसली. पाहुणा ती बघत उभाच राहिला. घरातला मुलगा फौजेत आहे, सुट्टीवर आला होता. "स्किन हाय ती," तो म्हणाला. "स्कीच्या खाली चिकटवायची अन् डोंगर चढायचा."

पट्टीवर एका दिशेनं हात फिरवला की मखमल लागते, उलटा नेला की बोटं अडतात. धोतरात शिरलेलं कुसळ पुढं सरकतं, मागं येत नाही, तोच प्रकार. स्की पुढं सरकते, मागं घसरू पाहिली की केस बर्फात रुततात. दुसऱ्या अंगाला गोंद. पट्टी नाकाशी नेली की गोंद, मेण आणि ओल्या गोणपाटाचा मिळून वास येतो. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात तो फारच परका वाटतो.

या मुलाचं शिक्षण गुलमर्गचं. तिथलं लष्कराचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल 1948 मध्ये स्की शिकवणारी शाळा म्हणून सुरू झालं. गुलमर्ग 2650 मीटरवर. त्याच्या डोक्यावरचा अफरवत डोंगर चार हजारांच्या पुढं. वर जायला गोंडोला आहे, पण पायी चढणाऱ्याचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. टाच मोकळी ठेवून, घाटरस्त्यासारखी वळणं घेत चार-पाच तास चढ. माथ्यावर पट्ट्या सोलून काढायच्या, गोंदाला गोंद लावून घडी करायची, टाच पक्की करायची, उतरायचं.

इतक्या पहाटे का? वसंतात दिवसा वरचा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असं रोज होऊन त्याचे दाणे बनतात. भल्या सकाळी हा थर फरशीसारखा. त्यावर स्कीची धार टिकत नाही. ऊन लागलं की वरचा बोटभर थर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा होतो. उतरायची वेळ तीच. आणखी तासाभरानं त्याची लापशी होते, आणि ओला, जड बर्फ उतारावरून खाली येऊ शकतो. म्हणजे सगळी मेहनत त्या तासाभराच्या फटीसाठी. फोटोत दिसते ती उतरणाऱ्याची ऐट. खरी अक्कल घड्याळाकडे बघून वाटेतूनच माघारी वळण्यात असते, पण तिचा फोटो कोण काढणार?

चढताना तो फावड्यानं खड्डा खणून थर बघतो. विहीर खणताना काळी माती, मग मुरूम, मग खडक लागतो, तसे बर्फातही पडलेल्या प्रत्येक हिमवर्षावाचे थर असतात. मधला एखादा भुसभुशीत असला की त्यावरचा सगळा पापुद्रा सुटू शकतो. 8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या जवानांवर हिमस्खलन कोसळलं. किमान 17 जण गेले.

कोपऱ्यात बाजेवर पडलेले आजोबा तेव्हा उठून बसले.

"गाडलेला माणूस किती येळात काढतेत?"

"पंधरा मिंटं, आबा."

छातीला बांधलेलं यंत्र लहरी सोडत असतं. सोबत्यांनी त्या पकडायच्या, काठी खुपसायची, खणायचं. पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, पुढं आकडा झपाट्यानं घसरतो. कारण थंडी नव्हे, श्वास.

"पंधरा मिंटं," आबा पुन्हा म्हणाले.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 ला भूकंपात इथली दगडमातीच्या भिंतींची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आजचं सास्तूर त्यानंतर नव्यानं वसलेलं. तेव्हाचं खणणं मिनिटांत मोजण्यासारखं नव्हतं. नातवानं विषय बदलला.

बदलला तो एव्हरेस्टकडे. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे आठ जण मे 2012 मध्ये शिखरावर पोचले ते पायी, उतरलेही पायीच. स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार मात्र 7 ऑक्टोबर 2000 ला शिखरापासून तळापर्यंत स्की न काढता पाच तासांच्या आत उतरला. चढाईचा हंगाम वसंत. त्यानं पावसाळ्यानंतरचा काळ निवडला, कारण तेव्हा खडकांवर बर्फ जास्त असतो.

"तुला जमल का?" धाकट्या चुलत भावानं विचारलं.

"मला अफरवतच लई हाय."

संध्याकाळी वळवाच्या वाऱ्यानं अंगणात कडब्याची धूळ उडाली. त्यानं पट्टी खुंटीवरून काढून मांडीवर घेतली. घडी उकलताना गोंद चर्रकन सुटला. मधोमध ज्वारीचं एक कुसळ चिकटलं होतं. नखानं काढू लागला, तर ते आणखी आत सरकलं. आबांनी कनवटीची चंची सोडून त्यातला जुना चिमटा पुढं केला.