कंबरसम म्हणजे काय? या शब्दाचा तुमच्या घराच्या कागदपत्रांशीही संबंध आहे!

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगार ५० किलोची कांद्याची गोणी पाठीवर घेऊन सराईतपणे चालतो. पण त्याहून हलकी डबल बेडची गादी सोसायटीच्या जिन्यातून वर न्यायची म्हटली, की दोन माणसांची दमछाक होते. गोणी जड आहे, गादी मात्र 'कंबरसम' आहे.

अर्थ काय?

आकारामुळे किंवा वजनामुळे उचलायला, वळवायला, हाताळायला त्रासदायक असलेली वस्तू म्हणजे कंबरसम. इथे किलोपेक्षा अडचण महत्त्वाची. वस्तूंसाठी मराठीत 'अवजड' किंवा 'बोजड' हे शब्द चालतात. पण हाच शब्द कामाच्या पद्धतीलाही लावतात. तिथे 'अवजड प्रक्रिया' असं भाषांतर खटकतं. 'किचकट', 'वेळखाऊ' किंवा 'कटकटीची प्रक्रिया' म्हणणं योग्य.

शब्द आला कुठून?

उच्चारात 'कंबर' असली तरी आपल्या कंबरेशी याचा संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'कॉम्ब्र' म्हणजे अडथळा, नदीच्या पात्रात घातलेला बांध. त्यावरून 'वाट अडवणे' या अर्थाचं क्रियापद झालं आणि ते इंग्रजीत गेलं. त्याला 'सम' हा प्रत्यय लागून चौदाव्या शतकात 'कंबरसम' तयार झाला.

एका मतानुसार 'कॉम्ब्र'च्या मुळाशी 'वाहून नेणे' या अर्थाचा प्राचीन इंडो-युरोपीय धातू आहे. संस्कृतमधला 'भृ' धातू त्याच कुळातला, आणि त्यावरूनच आपला 'भार' आला. म्हणजे कंबरसम हा 'भार'चा दूरचा नातेवाईक ठरतो.

घराशी संबंध काय?

याच शब्दाचा सख्खा भाऊ म्हणजे 'एन्कम्ब्रन्स'. मालमत्तेवर कर्ज, गहाण किंवा दुसऱ्याचा हक्क असेल, तर त्याला एन्कम्ब्रन्स म्हणतात. मराठीत त्याला 'बोजा' म्हणतात. शेतकऱ्याने कर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि ते फिटल्यावर नोंद कमी करून घ्यावी लागते.

नवी मुंबईत रिसेलचा फ्लॅट घेताना करारात 'फ्री फ्रॉम ऑल एन्कम्ब्रन्सेस' असं वाक्य हमखास दिसतं. त्याचा अर्थ, घरावर कोणताही बोजा नाही. पण हा झाला विकणाऱ्याचा शब्द. खरंच बोजा नाही ना, हे वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेऊन तपासा आणि मगच टोकन द्या.