‘सावकारी पाश’ : वहीची दुसरी बाजू

सांगलीजवळचे समडोळी हे गाव जैन समाजास परिचित आहे. 1924 साली याच भूमीवर शांतिसागर महाराजांना आचार्यपद प्राप्त झाले. कादंबरीकार नारायण हरी आपटे यांचा जन्मही 1889 साली याच गावचा. पुढे सातारा जिल्ह्यातील कोरेगाव ही त्यांची कर्मभूमी झाली. त्यांच्या कथेवरून कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1925 साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते कलामहर्षी बाबूराव पेंटर.

पडद्यावर देवदेवतांचे राज्य असण्याचा तो काळ. अशा वेळी पेंटरांनी कर्जबाजारी शेतकरी नायक केला. सावकार त्याची जमीन गिळतो आणि पोटासाठी त्याला शहरातील गिरणीची वाट धरावी लागते. सावकाराच्या भूमिकेत झुंझारराव पवार होते, तर तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. शांतारामांचे वडील जैन होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. मंद उजेडातील उदास झोपडी आणि भेसूर रडणारा कुत्रा, हे त्यातील दृश्य चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात अनेक वर्षे राहिले. ध्वनी नसतानाही ते रडणे प्रेक्षकांपर्यंत पोहोचले होते.

1931 साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. पेंटरांनी 1936 मध्ये हीच कथा शालिनी सिनेटोनसाठी बोलपट म्हणून पुन्हा सादर केली. तंत्र बदलले, पण ऋणकोचे दुःख जुने झाले नव्हते.

हे दुःख केवळ नाट्यातले नव्हते. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सातारा जिल्हाही त्याच्या कक्षेत होता. रोख्यावरील आकड्यापुरते न पाहता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. त्याची गरज साध्या हिशेबातून कळते. दरमहा शेकडा दोन रुपये चक्रवाढ व्याजाने घेतलेले 100 रुपये, काहीही फेड न झाल्यास, पाच वर्षांत 328 रुपये होतात. पिकाला मात्र चक्रवाढ ठाऊक नसते.

भावनाप्रधान नाट्यात खलनायक संपूर्ण काळा रंगवला जातो, तसाच हा सावकारही. प्रत्यक्षात पेरणीच्या दिवसांत उधारीवर बियाणे देणारा, लग्नकार्यात निकड भागवणारा व्यापारी गावाचा आधारही होता. म्हणून व्यापारी कुटुंबांनी हा चित्रपट आपल्यावरील आरोप मानण्याचे कारण नाही. परंतु ती दुसऱ्याचीच गोष्ट म्हणून दूर सारणेही योग्य नव्हे. कर्ज देणे हा दोष नाही, कर्जाचा पाश करणे हा दोष आहे. तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार, म्हणजे खोटा दस्त करणे आणि ठेव बुडवणे, यांची स्पष्ट गणना केली आहे. श्रावकाच्या पेढीसाठी हा नियम सरकारी कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे.

वहीत नावे पडलेली रक्कम दिसते. त्या रकमेमागची झोपडी दिसत नाही. पेंटरांनी ती दाखवली. दीपावलीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, वहीपूजन करताना येणे बाकीच्या पानावर क्षणभर थांबून त्या नावामागचे घर आठवले, तर ते पूजन अधिक सार्थ होईल.