सरकारी हमीचं कर्ज: हमी बँकेला, हप्ता तुमच्याच खात्यातून

‘सरकारी हमीचं कर्ज आहे, नाही फिटलं तर सरकार भरतंय,’ असं पारावर हमखास ऐकायला मिळतं. या भरवशावर डाळ मिलची शेड बांधायला काढली तर महागात पडेल. ही हमी कर्जदाराला नसते, बँकेला असते.

धंद्याची अक्कल आहे, पण तारण द्यायला काही नाही, अशांसाठी केंद्र सरकार आणि सिडबीने २००० साली सीजीटीएमएसई हा ट्रस्ट काढला. बँक त्याच्याशी करार करून सदस्य होते. कर्ज मात्र बँकेच्याच पैशातून मिळतं. ते बुडालं तर साधारण ७५ टक्के किंवा जास्त नुकसान ट्रस्ट बँकेला भरून देतो. याची वार्षिक फी बँका बहुधा कर्जदाराकडूनच घेतात. आणि ट्रस्टने पैसे दिले म्हणून वसुली थांबत नाही. नोटीस येते, जप्ती होऊ शकते, सिबिल खराब होतं ते वेगळंच.

राष्ट्रीयीकृत आणि ग्रामीण बँकांसोबत आता जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांनाही सदस्य होता येतं. पण सदस्य होता येणं वेगळं आणि आपल्या बँकेने करार केलेला असणं वेगळं. मॅनेजरला पहिला प्रश्न हाच विचारा.

खरी गाठ पडते ती जागेशी. हमीत बसवलेल्या रकमेसाठी बँकेला जास्तीचं तारण किंवा बाहेरचा जामीनदार मागता येत नाही. मात्र कर्जातून उभी राहिलेली शेड, मशिनरी आणि धंद्याची स्वतःची जागा यांवर बोजा चढू शकतो. जागा गावठाणात असेल तर नुसता नमुना ८ घेऊन जाऊ नका. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती जोडा. शेतात शेड घालायची असेल तर सातबाऱ्यावर भावा-बहिणींची नावं आहेत का ते आधी बघा. त्यांच्या संमतीवाचून फाईल अडते. अकृषिक वापराचं तहसीलला आधीच विचारलेलं बरं.

पीएमईजीपीतून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत, शेडची धरतात. समजा ग्रामीण भागातल्या महिलेचा २० लाखांचा उत्पादन प्रकल्प आहे. तिचे स्वतःचे ५ टक्के, म्हणजे १ लाख. बाकी १९ लाख बँक देते. ३५ टक्के, म्हणजे ७ लाख अनुदान येतं, पण हातात नाही. ते ३ वर्षं बँकेत तिच्या नावाने ठेव म्हणून अडकून राहतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. धंदा बंद पडला तर अनुदानही जाऊ शकतं. या योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

थोडी जमीन तारण देण्यासारखी असेल तर मधला मार्गही आहे: काही रकमेला जमिनीचं तारण, उरलेल्या रकमेला ट्रस्टची हमी. बँका हे आपणहून क्वचितच सांगतात. विचारावं लागतं, आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावं.