झडती कुठवर घ्यायची?

ऑक्टोबर २००३. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या साफर्ड गावच्या शाळेत एका मुलीनं सांगितलं की, आपल्याकडच्या गोळ्या अमुक मुलीनं दिल्या. गोळ्या कसल्या, तर पाळीत पोट दुखलं की घेतात त्या इबुप्रोफेनच्या, जरा जास्त ताकदीच्या. नाव आलेली मुलगी तेरा वर्षांची. दप्तरात काही सापडलं नाही. मग नर्सच्या खोलीत तिला कपडे उतरवायला लावले, अंतर्वस्त्रंही ओढून झटकायला लावली. काहीच निघालं नाही.

अमेरिकी राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती मनमानी झडतीला मज्जाव करते. सरकारी शाळांनाही ती लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं, पण बरंच सौम्य करून. मुख्याध्यापकांना वॉरंट नको, रास्त संशय पुरे. पाहायचं एवढंच: झडती सुरू करायला कारण होतं का? आणि मुलाचं वय, लिंग, आरोपाचं गांभीर्य बघता ती अति झाली का? गंमत म्हणजे हा निकष ज्या विद्यार्थिनीच्या खटल्यातून आला, ती स्वतः हरली. सिगारेटसाठी उघडलेल्या तिच्या पर्समध्ये गांजा मिळाला होता.

साफर्डची मुलगी सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी जिंकली. दप्तर तपासणं ठीक, पण गोळ्या घातक नव्हत्या आणि त्या अंतर्वस्त्रात दडवल्यात असं मानायला आधार नव्हता, म्हणून पुढचं सगळं घटनाबाह्य. झडती घेणारे मात्र वैयक्तिक जबाबदारीतून सुटले, कारण तोवर कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणे! तेव्हा त्या न्यायालयात एकच स्त्री होती, रूथ बेडर गिन्सबर्ग. आपले सहकारी कधी तेरा वर्षांची मुलगी नव्हते, हे त्यांनी निकालाआधीच जाहीरपणे सुनावलं होतं.

आपल्याकडे २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत पाळी तपासण्यासाठी मुलींचे कपडे उतरवल्याची तक्रार झाली, तेव्हा थेट मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागला.

१९८५ च्या अमेरिकी निकालातले दोन्ही प्रश्न कोणावर तरी संशय आहे, असं धरून चालतात. न्यूयॉर्क शहरातल्या अनेक शाळांच्या दारात मात्र मेटल डिटेक्टर आहेत, आणि तिथं सगळ्यांचीच तपासणी होते. कोणा एकाला वेगळं काढलं जात नाही, म्हणून न्यायालयांनी ती बहुतेक वेळा मान्य केली. मला हा युक्तिवाद फार सोयीचा वाटतो: सरसकट सगळ्यांना तपासलं, की ‘माझ्यावरच संशय का?’ हे विचारायची सोयच उरत नाही.

आता ‘एआय’चे स्कॅनर आलेत. ‘इव्हॉल्व्ह’ कंपनीच्या यंत्रांनी शाळांमध्ये चाकू सोडले आणि लॅपटॉप, पाण्याच्या बाटल्या अडवल्या, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२४ मध्ये केला. तडजोडीत काही शाळांना करार रद्द करायची मुभा मिळाली. यंत्र वाजलं की दप्तर हातानं उघडलं जातं. बाटलीवरही वाजणाऱ्या यंत्राचा इशारा रास्त संशय ठरतो का, हे १९८५ च्या निकालात शोधून सापडणार नाही.