इंटरनेटवरील शोध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे भाव, शेतीचा सातबारा उतारा, सिंहस्थातील स्नानाच्या तिथी किंवा गोदाकाठच्या एखाद्या मंदिराचा इतिहास, यांपैकी काहीही हवे असले तरी नाशिककर आज प्रथम मोबाइलवरील शोधयंत्राकडे वळतो. विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने निवडून ती विशिष्ट क्रमाने मांडणारी संगणकीय व्यवस्था म्हणजे शोधयंत्र. तिचा वापर सर्वत्र रुळला असला, तरी तिच्या कार्यपद्धतीविषयीचे काही गैरसमज अजून दृढ आहेत आणि त्यांच्यामुळे उपलब्ध असलेली माहितीही अनेकदा हाती लागत नाही.

गैरसमज १ : शोधयंत्र त्या क्षणी सगळे इंटरनेट धुंडाळते.

वस्तुस्थिती : शोधयंत्राच्या स्वयंचलित आज्ञावली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात मजकूर आधीच गोळा करतात आणि त्याची सूची तयार ठेवतात, प्रश्न विचारल्यावर शोध घेतला जातो तो ग्रंथाच्या अखेरीस असणाऱ्या शब्दसूचीसारख्या या सूचीत. त्यामुळे जी माहिती अर्ज भरल्याशिवाय किंवा पर्याय निवडल्याशिवाय पडद्यावर येतच नाही, ती सहसा सूचीतही नसते. सातबाऱ्यासाठी महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर जाऊन जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक द्यावा लागतो तो याच कारणाने. बाजारभावांच्या नोंदीही राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर शेतमाल निवडून पाहणे अधिक भरवशाचे ठरते. अशा वेळी शोधयंत्राकडे उत्तर न मागता, उत्तर ज्याच्याकडे आहे त्या संस्थेचे संकेतस्थळ मागावे.

गैरसमज २ : विषयाचे नाव लिहिले की पुरे.

वस्तुस्थिती : एकच शब्द अनेक विषयांत येत असतो. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी वध केला. या घटनेचा अभ्यासक नुसते ‘जॅक्सन’ लिहू लागला, तर गायक मायकेल जॅक्सन याच्याविषयीची पानेच अधिक पुढे येण्याचा संभव असतो. ‘जॅक्सन’बरोबर ‘नाशिक’, ‘१९०९’, ‘कान्हेरे’ आणि ‘विजयानंद’ हे शब्द दिले, म्हणजेच अपेक्षित पानावर जे शब्द असणारच ते लिहिले, की शोध नेमका होतो. याखेरीज काही चिन्हेही उपयोगी पडतात. दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्दसमूह त्याच क्रमाने शोधला जातो. शब्दाच्या आधी जागा न सोडता वजाचे चिन्ह दिले, तर तो शब्द असलेली पाने वगळली जातात. आणि इंग्रजी एस, आय, टी, ई ही अक्षरे सलग लिहून पुढे अपूर्णविराम व लगेच संकेतस्थळाचा पत्ता दिला, तर शोध तेवढ्याच संकेतस्थळापुरता मर्यादित राहतो.

गैरसमज ३ : मराठीत शोधून काही मिळत नाही.

वस्तुस्थिती : मराठी मजकूर पुष्कळ आहे, परंतु त्यातील काही भाग शोधयंत्राला वाचता येत नाही. संगणकावर अक्षरे साठवण्याची युनिकोड ही समान जागतिक पद्धत रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या खासगी फॉन्टांत टंकलिखित होत असे. त्या धारिकांत डोळ्यांना मराठी दिसले, तरी यंत्राच्या लेखी ती असंबद्ध इंग्रजी अक्षरे असतात. स्कॅन केलेली जुनी पुस्तके तर चित्रे असतात आणि त्यांतील अक्षरे ओळखण्याची प्रक्रिया झालेली नसेल, तर त्यांच्यातील शब्द सापडत नाहीत. म्हणून एकच विषय देवनागरीत, रोमन लिपीत आणि पर्यायी लेखनरूपांत शोधावा. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या सोळाव्या खंडात नाशिकचे इंग्रजी लेखन ‘एच’ या अक्षराविना आहे. जुन्या इंग्रजी साधनांचा शोध घेणाऱ्याने ते रूपही वापरून पाहिले पाहिजे.

गैरसमज ४ : सर्वांत वर आलेले पान सर्वांत विश्वसनीय असते.

वस्तुस्थिती : लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांच्या पद्धतीचा पाया असा होता की, ज्या पानाकडे अनेक महत्त्वाची पाने दुवा देतात ते पान महत्त्वाचे मानावे. पुढे त्यात शब्दांची जुळणी, ताजेपणा, शोधणाऱ्याचे ठिकाण अशा अनेक निकषांची भर पडली. मात्र यांपैकी कोणताही निकष विधानाच्या सत्यतेची हमी देत नाही. शिवाय वरच्या जागी ‘प्रायोजित’ असे लिहिलेल्या जाहिराती असू शकतात. बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक किंवा यात्रेतील निवासाचे आरक्षण शोधणाऱ्यांना बनावट पानांद्वारे फसवले जाते, म्हणून असे क्रमांक बँकेच्या पासबुकावरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत आणि फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे.

गैरसमज ५ : कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेला सारांश वाचला की मूळ पान पाहण्याची गरज नाही.

वस्तुस्थिती : अनेक पानांतील मजकूर एकत्र करून असा सारांश रचला जातो आणि त्यात संदर्भांची सरमिसळ होऊ शकते. २०१५ च्या सिंहस्थात तिसरे शाही स्नान नाशिकला १८ सप्टेंबरला, तर त्र्यंबकेश्वरला २५ सप्टेंबरला झाले. ‘तिसरे शाही स्नान केव्हा झाले’ या प्रश्नाला म्हणूनच दोन बरोबर उत्तरे आहेत, आणि स्थळ व वर्ष न सांगता मिळालेले एकच उत्तर अपुरे ठरते. पुढील सिंहस्थाच्या तिथी शोधताना तर पानावरील वर्ष आणि ते प्रसिद्ध करणारी संस्था, या दोन्ही गोष्टी तपासणे अगत्याचे आहे.

गैरसमज ६ : शोधयंत्रात सापडले नाही, म्हणजे ते अस्तित्वातच नाही.

वस्तुस्थिती : ग्रंथ, नियतकालिके, दप्तरे आणि हस्तलिखिते यांचा फार मोठा भाग अद्याप इंटरनेटवर आलेला नाही. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालय नाशिक या संस्थेसारख्या ग्रंथालयांचे महत्त्व त्यामुळे यत्किंचितही कमी झालेले नाही. शोधयंत्रावर मिळालेले ग्रंथाचे नाव घेऊन ग्रंथपालाकडे जाणे, हा शोधाचाच पुढचा टप्पा आहे.

शोधयंत्र पाने शोधून देते. त्यांतील खरेखोटे ठरवण्याचे काम मात्र वाचकाचेच राहते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या शोधात शब्द विचारपूर्वक निवडावेत, दोन्ही लिप्यांत शोध घ्यावा, पान कोणी व केव्हा प्रसिद्ध केले ते पाहावे आणि निर्णय घेण्यापूर्वी किमान एका स्वतंत्र, अधिकृत साधनाशी माहिती ताडून घ्यावी.